व्हीटेकचं झाकण, १.३ चं इंजिन आणि माझे १,८६,२०० रुपये

सॅन स्टॉर्म ही माझी गाडी ज्यांना माहीत आहे, त्यांना मी इंजिन बदलायला का निघालो हे सांगायला नको. गोव्यात बनलेली टू-सीटर, फायबरची बॉडी, उघडं छप्पर, आणि बॉनेटखाली रेनॉचं ११४९ सीसीचं जेमतेम ६० बीएचपीचं इंजिन. दिसायला स्पोर्ट्स कार, पण जुना कात्रज घाट चढताना पीएमपीच्या बसमागे. त्यात पार्ट मिळत नाहीत. म्हणून जुन्या होंडा सिटीचं १.५ लिटरचं व्हीटेक (जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडून ताकद वाढवणारं होंडाचं इंजिन) बसवायचं ठरवलं. हा वेडेपणा नाही. इंजिन हलकं आहे, पार्ट मिळतात आणि वाजतंही छान.

गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही, वकिलाने बजावलंय. पुण्याच्या हद्दीवर पत्र्याची शेड, आत दोन-तीन लिफ्ट, भिंतीवर रॅलीचे फोटो. माणूस गोड बोलणारा. "दादा, पैशाचं सोडा, गाडी बघून लोक वळले पाहिजेत." असं बोलणाऱ्याला आधी पैशाचंच विचारा.

ठरलं ते असं: इंजिन ८५,०००. माउंट आणि फॅब्रिकेशन ४०,०००. एक्सल बनवून घ्यायचे २२,५००. ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) आणि वायरिंग १८,०००. आणि "आरटीओचं मी बघतो, सेटिंग आहे" याचे १५,०००. एकूण १,८०,५००. इंजिनचे ८५,००० यूपीआयने, बाकीचे ९५,५०० रोख. यूपीआय करताना म्हणाला, नोटमध्ये 'उसने' लिहा, जीएसटीचं लफडं नको. मी लिहिलं. गॅरेजमध्ये पक्कं बिल मागून बघा, म्हणजे मला हसणार नाही.

आता ज्या क्षणासाठी माझी झोप जाते तो. बोलता बोलता तो म्हणाला, "गिअरबॉक्स तुमचाच ठेवू, तेवढेच पैसे वाचतील." होंडाची त्या काळातली ही इंजिनं उलटी फिरतात. जगातली बहुतेक इंजिनं एका दिशेला, ही दुसऱ्या. रेनॉचा गिअरबॉक्स त्याला लावला तर गाडीला पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळेल. इंजिन स्वॅप, म्हणजे अदलाबदल, करणाऱ्या माणसाला हे माहीत नाही म्हणजे त्याने हे काम कधी केलेलंच नाही. आणि मी त्याला हे बोललो! तोंडावर बोललो! तो हसून म्हणाला, "बघत होतो तुम्हाला किती कळतं ते. होंडाचाच बॉक्स येणार इंजिनबरोबर." पोरगा चहा घेऊन आला, विषय बदलला. तिथेच चावी उचलून निघायला हवं होतं. पण त्या वेळी उत्तर पटण्यासारखं होतं, आणि खरं सांगा, चहाचा कप हातात असताना समोरच्याला खोटारडा कोण म्हणतं?

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आज पेंटर नाही, उद्या लेथवाला गावाला गेलाय, एक्सल परत बनवायला टाकलाय. शेवटी गाडी मिळाली ती धूर सोडत, आणि वर चार हजार आरपीएमच्या पुढे नुसता आवाज. टोइंगचे ३,२०० देऊन भोसरीच्या एका ओळखीच्या मेकॅनिककडे नेली, त्याने तपासणीचे २,५०० घेतले. त्याने बॉनेट उघडलं आणि काही न बोलता बोटाने हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, दाखवलं. व्हीटेकचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह) हेडलाच बोल्ट केलेला असतो. माझ्या हेडवर तो नव्हताच. १.३ च्या इंजिनवर व्हीटेक लिहिलेलं झाकण बसवून दिलं होतं. झाकण भंगारात काही शेकड्यांत मिळतं. ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासलेला.

तो घासलेला नंबर घेऊन चौकीत गेलो. साहेब म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. मी म्हटलं, साहेब, फसवणूक आहे, भारतीय न्याय संहिता कलम ३१८. तर म्हणाले, "वकील आहात का?" मग गॅरेजवाल्याला फोन लावला. त्याने माझीच यूपीआयची नोट सांगितली: ते ८५,००० यांनी माझ्याकडून उसने घेतले होते, ते परत केले. शेजारचे हवालदार म्हणाले, "म्हणजे नंबर घासलेलं इंजिन तुमच्याच गाडीत आहे म्हणा की. चोरीचं निघालं तर?" तक्रार द्यायला गेलो आणि संशयित होऊन बाहेर आलो. अर्ज ठेवून घेतला, शिक्का द्यायला मात्र 'उद्या या'. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो नाही म्हणून निदान तेवढा कागद आहे. गुन्हा नोंदवायला नकार दिला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली वरिष्ठांना लेखी अर्ज करता येतो. तो केलाय. उत्तर नाही.

'सेटिंग'च्या १५,००० चं तर विचारूच नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. मालकाला दर बदलामागे ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.  परवानगीचा कागद हातात येईपर्यंत जुन्या इंजिनचा एक बोल्टही सोडवू देऊ नका. विमा कंपनीला न कळवता बदल केलात तर क्लेम नाकारला जाण्याची तयारी ठेवा.

इंजिन घेताना नंबरचा फोटो, त्या गाडीची आरसी, विकणाऱ्याचं पत्र. हे नसेल तर कितीही स्वस्त असो, नको. कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणं) तुमच्यासमोर, तुमच्या माणसाच्या गेजवर. गॅरेजवाल्याने पाठवलेल्या व्हिडिओतलं इंजिन कुणाचंही असू शकतं, माझ्या बाबतीत होतंच.

ग्राहक आयोगात केस टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. वकील म्हणतो रोख रक्कम सिद्ध करणं अवघड आहे. पण माझा खरा घोर वेगळा आहे. माझं मूळ रेनॉचं इंजिन, ज्याचा नंबर आरसीवर आहे, ते गॅरेजवाल्याने परत दिलेलंच नाही. "भंगारात गेलं असेल" म्हणतो. ते मिळालं तर ही गाडी पुन्हा कायदेशीर करता येईल. पुण्यातल्या जुन्या बाजारात, नाना पेठेत किंवा कुठल्या शेडमध्ये कुणाला स्टॉर्मचं ११४९ सीसीचं इंजिन विकायला दिसलं, तर विकत घेऊ नका, नंबरचा फोटो काढा आणि मला कळवा.