तर्री-पोहे आणि मँचेस्टर युनायटेडचा मॅनेजर
आर्णी तालुक्यातील आमच्या गावी बसथांब्याशेजारच्या टपरीवर तर्री-पोहे उत्तम मिळतात. हरभऱ्याची तर्री झणझणीत असते आणि वरून कांदा सढळ हाताने घातला जातो. मात्र मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, बदलायची वेळ आली, की दुसऱ्या प्लेटची आशा सोडावी, कारण टपरीचे मालक स्वतःच वादात उतरतात. २०१३ मध्ये क्लबचे दीर्घकाळचे मॅनेजर फर्ग्युसन निवृत्त झाल्यावर सहा वर्षांच्या करारावर आणलेल्या डेव्हिड मोयेस यांना पहिला हंगामही पूर्ण करू दिला नाही, तर नव्या माणसाने संघ बांधायचा कधी, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो. नामवंतच हवा म्हणणाऱ्यांना ते २०१८ च्या डिसेंबरात काढलेल्या मोरिन्हो यांची आठवण देतात. चहा तेवढा कमी साखरेचा सांगावा. एरवी तो निव्वळ पाक असतो.