क्रिस्टालेन्स: जवळचा चष्मा सुटण्याची आशा किती ठेवावी?
नागपूरच्या धंतोलीत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात बसवायची लेन्स निवडताना क्रिस्टालेन्सचं नाव निघालं, तर हे आधी समजून घ्या. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ही सिलिकॉनची लेन्स. दोन्ही बाजूंना बिजागरीसारख्या खाचा. डोळ्यातला स्नायू आवळला की ती थोडी पुढे सरकावी आणि जवळचं दिसावं, ही कल्पना. प्रत्यक्षात सरकणं फारच थोडं, फायदा बहुधा १ डायॉप्टरहून (चष्म्याच्या एका नंबराहून) कमी. कॉम्प्युटर दिसेल, औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतोच. रात्री वर्धा रोडवर दिव्यांभोवतीची वलयं मात्र मल्टिफोकल (दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या) लेन्सपेक्षा कमी, ही खरी जमेची बाजू. धोका डोळ्यात लेन्स जिच्यात बसते ती पातळ पिशवी आकसण्याचा: लेन्सची एक बाजू पुढे, दुसरी मागे वाकते, तिरकस (सिलिंडर) नंबर येतो, मग ती पिशवी छेदणारं याग लेझर, कधी पुन्हा शस्त्रक्रिया.