‘हे एवढंच राहतं’ असं सांगून विकलेलं कासव

तळहातावर ठेवलं तेव्हा ते जेमतेम चार सेंटीमीटरचं होतं. हिरवीगार पाठ, डोळ्यांमागे लाल पट्टा. "बुटकी जात आहे, एवढंच राहतं. भांडं लहान ठेवलं की वाढतही नाही," विकणाऱ्याने सांगितलं. सोबत प्लास्टिकचं उथळ भांडं आणि वाळवलेल्या झिंग्यांची डबी दिली. माझ्या मुलीने तेवढ्यात त्याचं नावही ठेवलं होतं. मी काहीच विचारलं नाही.

बुटकी जात वगैरे काही नव्हतं. ते रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव होतं. याची मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि नीट सांभाळली तर ३० वर्षंही जगू शकते. पिल्लू असताना नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे ‘हा नर आहे, लहानच राहील’ हेही कुणाचं ऐकू नका. आणि लहान भांड्यात कासव लहान राहत नाही, ते आजारी पडतं.

आमचं पडलंच. सहा महिन्यांत डोळे सुजले, पाठ कडेने दाबली की वाकायला लागली. मी पुन्हा त्याच माणसाकडे गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याने ‘यूव्हीचा’, म्हणजे अतिनील किरणांचा, म्हणून एक निळा दिवा दिला. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो पाहिला. साधाच दिवा होता, फक्त काच रंगवलेली. यूव्हीबी या प्रकारच्या अतिनील किरणांशिवाय कासवाच्या अंगात डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्याशिवाय हाडांना आणि पाठीच्या कवचाला कॅल्शियम मिळत नाही. मी भांडं बंद खिडकीशी ठेवून ऊन मिळतंय असं समजत होते, पण खिडकीची काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. डोळे सुजले ते ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने. रोज नुसते वाळके झिंगे खाऊन दुसरं काय होणार!

दिवा घेताना खोक्यावर ‘यूव्हीबी’ असं स्पष्ट लिहिलंय का ते बघा. नुसतं ‘यूव्ही’ किंवा ‘डे-लाइट’ चालत नाही. चांगला दिवाही वर्षभराच्या आत बदलावा लागतो. उजेड तसाच दिसतो, किरण मात्र कमी झालेले असतात.

मुलांसाठी घेणाऱ्यांना एक सांगते. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासव पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण त्यांच्या अंगावरच्या साल्मोनेला जंतूंमुळे लहान मुलं आजारी पडत होती. माझी मुलगी ते कासव गालाला लावायची. मला कुणीही हात धुवायला सांगितलं नव्हतं.

शेवटी मी त्या विकणाऱ्याला जाब विचारायला गेले तर तो म्हणाला, "मोठं झालं ना, मग तळ्यात सोडून द्या." हेच स्लायडर जगातल्या सर्वांत घातक १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे; सोडलेली कासवं तिथल्या मूळ कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न बळकावतात. मी सोडलं नाही. आता ते २२ सेंटीमीटरचं आहे, मोठ्या टाकीत, फिल्टरसकट. पाठ कडक झाली, पण उंचसखल राहिली. ती आता सपाट होणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.