नाव घातलेल्या पोकर चिप्स आणि ‘मीच परत घेतो’ची हमी

वेंगुर्ल्यापासून तारकर्लीपर्यंत किनाऱ्यालगत ज्यांचे होमस्टे आहेत त्यांनी हे जरूर वाचावं. दापोली-गुहागरकडच्यांनीही वाचावं, कारण हा माणूस आता तिकडे फिरतोय असं कानावर आलंय. दिवाळीच्या सुमारास, सीझन तोंडावर आला की तो येतो. तुमच्या होमस्टेचं नाव आणि चिन्ह घालून खास बनवलेला पाचशे पोकर चिप्सचा (पत्त्यांच्या डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्यांचा) संच विकतो. पण पैसे घेतो ते खरं तर त्यासोबतच्या एका वाक्याचे: “वापरा दोन वर्षं, मग मीच दीडपट किमतीला परत घेतो.”

आमचे त्यात ६२,५०० रुपये गेले. एका चिपला सव्वाशे रुपये.

आमच्याकडे पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतले ग्रुप उतरतात. संध्याकाळी समुद्रावरून आले की कॅरम, पत्ते, गप्पा. पोकर खेळणारेही असतात, ते काड्यापेटीच्या काड्या नाहीतर काजू लावून खेळतात. (काजू खेळ संपेपर्यंत कमी होतात, तो भाग वेगळा.) तेव्हा बरा संच घरात असावा असं आमचं आधीच चाललं होतं. माझे धाकटे दीर मुंबईत मित्रांबरोबर खेळतात. त्यांना कुणीतरी ‘चिप कलेक्टर्स’च्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं होतं आणि तिथूनच हा गृहस्थ आमच्यापर्यंत पोचला. पहिल्या फोनला मी मॅडम होते, घरी आल्यावर वहिनी झाले, आणि पैसे जमा झाले त्या दिवशी ताई.

त्याची मांडणी पक्की होती. मखमली थैलीतून त्याने एकेक चिप काढून हातावर ठेवली. त्यात एक अमेरिकेतल्या बंद पडलेल्या कॅसिनोची होती, पॉलसन कंपनीची. बोटांना किंचित खरखरीत लागते, कडेने उंच टोपी आणि काठीचं चिन्ह उमटवलेलं, टेबलावर टाकली तर खणखणत नाही, दबका आवाज येतो. तो म्हणाला, ही कंपनी परवाना असलेल्या कॅसिनोलाच माल देते, तुम्हा-आम्हाला नवी चिप मिळत नाही. म्हणून बंद कॅसिनोच्या जुन्या चिप्सना हौशी लोक चढी किंमत देतात. इथपर्यंत तो बोलला ते सगळं खरं होतं. नंतर मी पडताळून पाहिलं.

मग त्याने सावंतवाडीचा विषय काढला. राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात, दशावतारी संचात १२० गोल पत्ते, प्रत्येक पत्ता हाताने रंगवलेला, आणि त्याचे हजारो रुपये मोजणारे लोक आहेत. “गोल चकत्यांची किंमत तुमच्या तालुक्यातल्या माणसाला मी काय सांगायची, वहिनी?” हे वाक्य तो दापोलीत कसं फिरवत असेल याचं मला कुतूहल आहे.

तिसरी गोष्ट ग्रुपची. तिथे आठवड्याला एखादा संच ‘विकला’ जायचा. कुणी ८० हजारांना, कुणी लाखाला. फोटो, अभिनंदन, टाळ्या. ‘वन ऑफ वन’, म्हणजे जगात एकच, असल्यामुळे भाव वाढतो, असं रोज कुणीतरी लिहायचं.

निम्मे पैसे ऑर्डरच्या वेळी, निम्मे माल निघण्याआधी. बिल आलं त्यावर तळाला बारीक अक्षरात छापलेलं: कस्टम माल परत घेतला जाणार नाही. मी लगेच विचारलं. तो म्हणाला, ते सगळ्याच बिलांवर छापलेलं असतं, आपलं बोलणं वेगळं, आणि तसा व्हॉइस मेसेज पाठवून दिला.

माल आला तो दिसायला छान होता. लाकडी पेटी, आमचं नाव, नारळ आणि होडीचं चिन्ह, खाली रुपयाची खूण आणि आकडा. हातात जड. हा जडपणाच तो सगळीकडे खपवतो. “वजन बघा, वजन!” आता वजनाचं ऐका. कॅसिनोत वापरतात त्या क्ले (मातीच्या मिश्रणाच्या) प्रकारच्या चिप्स साधारण साडेआठ ते दहा ग्रॅमच्या असतात, ३९ मिलिमीटर व्यासाच्या. आमची चिप बाजारातल्या सराफाच्या काट्यावर ठेवली तर पावणेचौदा ग्रॅम भरली. सराफाने सहज म्हणून लोहचुंबक लावून बघितलं, सोन्याला लावतात तसं, आणि चिप टक्‌कन चिकटली. आत लोखंडाची चकती होती. वर साधं प्लास्टिक. स्वस्तातल्या चिप्सना वजन आणायला हेच करतात. असा पाचशेचा संच ॲल्युमिनियमच्या पेटीसकट ऑनलाइन काही हजारांत मिळतो.

बिलावर मात्र ‘सिरॅमिक’ लिहिलं होतं. सिरॅमिक चिपवर छपाई पृष्ठभागातच उतरलेली असते, कडेपर्यंत गेलेली, नखाला कुठे धार लागत नाही. आमच्या चिपला मध्ये एक उथळ खळगा आणि त्यात गोल स्टिकर. थंडी-उन्हाळ्यात कळलं नाही. जूनमध्ये पेटी कपाटात राहिली आणि आपल्याकडच्या हवेने आपलं काम केलं. ऑगस्टमध्ये उघडली तेव्हा होडी एका बाजूने उचलली गेली होती, खाली पांढरं प्लास्टिक आणि डिंकाचा पिवळट डाग. काहींचे स्टिकर पेटीच्या झाकणालाच चिकटून आले.

तेव्हा आम्ही त्याला ‘परत घ्या’ म्हणून कळवलं. दोन वर्षं झाली नाहीत हे मान्य, पण माल सांगितला तो नाही, आमचे पैसे द्या एवढंच. तो चिडला नाही. म्हणाला, परत कशाला, आत्ताच ग्रुपवर लिलावाला लावू, ९० हजार सहज येतील. खरंच बोली लागली. ७०, ७८, ८५. ८५ वर एका ‘बंगळुरूच्या कलेक्टर’ने घेतलं. मग निरोप आला की विक्री पक्की करण्याआधी संचाचं ‘ऑथेंटिकेशन’ करावं लागेल, प्रमाणपत्राची फी ८,५०० रुपये, विक्रीच्या पैशांतून वळती करता येणार नाही, आधीच भरावी लागेल.

ही दुसरी पायरी आहे, आणि माझ्या मते त्याचा खरा धंदा इथेच आहे. पहिल्या वेळी निदान चिप्स तरी येतात. इथे नुसता कागदही येत नाही. जो संच त्याने स्वतः बनवून दिला, त्याच्या खरेपणाचा दाखला तोच मागणार आणि त्याची फी तोच घेणार!

आम्ही फी भरली नाही, कारण माझ्या मुलीने ग्रुपवरचे जुने फोटो मोठे करून बघितले. पुण्याचा संच, नागपूरचा संच, कोचीचा संच, सगळे जमिनीवर मांडून काढलेले, आणि तिन्ही फोटोंत खालची लाल फरशी एकच. एका फरशीचा कोपरा त्रिकोणी फुटलेला, तिन्ही ठिकाणी तसाच. बोली लावणाऱ्यांतले निम्मे नंबर आम्ही लावून पाहिले. एकही उचलला गेला नाही.

मग खऱ्या माणसाला विचारलं. आमच्याकडे नेमाने येणाऱ्या पाहुण्यांचे एक मित्र मुंबईत कॅसिनो चिप्स जमवतात. त्यांनी तासभर समजावून सांगितलं, ते इथे थोडक्यात देते, कारण अशा संचाला बाजारात काय किंमत येते हे कुणी सांगत नाही.

जुन्या कॅसिनो चिपला भाव येतो त्याला कारणं असतात. ती कुणी बनवली ते सगळ्यांना माहीत असतं. तिच्यामागे एक जागा असते, जिथे लोक खेळलेले असतात. अमेरिकेत नेवाडात कॅसिनो बंद झाला की त्याच्या चिप्स ठरावीक मुदतीत पैसे देऊन परत घेतात आणि मग नष्ट करतात, त्यामुळे बाहेर राहतात त्या मोजक्याच. आणि नव्याने कुणाला बनवून मिळत नाहीत. कस्टम संचाचं सगळं उलट. तुमच्यासारखा संच कुणीही आज ऑर्डर देऊन बनवू शकतो, तोही स्वतःच्या नावाचा. मग तुमच्या नावाचा कोण घेईल? जगात एकच आहे खरं, पण तो हवा असलेलाही जगात एकच, आणि तो म्हणजे तुम्ही. नामांकित कारखान्याचे, चांगल्या क्लेचे कस्टम संच परदेशात हातोहात फिरतात, पण तिथेही विकणारा बहुधा घातलेल्या पैशांपेक्षा कमीवरच समाधान मानतो. त्यातल्या त्यात नाव नसलेले, नुसते आकडे आणि नक्षी असलेले संच लवकर जातात. रुपयाची खूण घातली की परदेशातला गिऱ्हाईक गेला. पाचशे चिप्स म्हणजे पाच ते सात किलो, त्याचं कुरिअर वेगळं.

“आणि तुमच्या चिप्सना?” त्यांना विचारलं. ते म्हणाले, स्टिकर काढून टाका, कोऱ्या म्हणून एखादा कॉलेजचा मुलगा घेईल.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नाव घातलेलो टोप बाजारात कोण घेतलो गो? मोडीतच जातलो तो.” एका तासाचं व्याख्यान एका टोपात बसलं. गंजिफाचंही मला तेव्हाच नीट कळलं. त्या पत्त्यांवर मत्स्य-कूर्मापासून अवतार असतात, विकत घेणाऱ्याचं नाव नसतं. आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे, आणि किंमत असते ती चितारणाऱ्या हाताची.

आता धमकीचं सांगते, कारण बरेच जण इथेच गप्प बसतात. पोलिसांत जाते म्हटल्यावर त्याचा सूर बदलला. “जा खुशाल. जुगाराचं साहित्य घरात ठेवलंय, तेही होमस्टेत. आधी तुमच्यावरच केस होईल, गावात नाव निघेल.” माझे यजमान दोन दिवस गप्प होते. गावात नाव निघणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको.

कणकवलीच्या वकिलांनी ती भीती काढली. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे लागू आहे हे खरं, पण त्याचा रोख फायद्यासाठी जुगाराचा अड्डा चालवण्यावर आहे. पैसे न लावता काजूवर खेळणाऱ्या पाहुण्यांसाठी पेटी ठेवली, म्हणून फसवलं गेल्याची तक्रार करता येत नाही असं कुठेही नाही. सोबत त्यांनी हेही बजावलं की पाहुण्यांनी पैसे लावून खेळायचं आणि आपण त्यातून कमिशन घ्यायचं, असलं काही कुणी करत असेल तर ती गोष्ट निराळी, तिथे खरंच अडचण आहे. गोव्यात चालतं म्हणून आरोंद्याच्या पुलाच्या अलीकडे चालत नाही.

फसवणुकीसाठी आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं. १ जुलै २०२४ पासून जुन्या ४२० च्या जागी ते आलं. पैसे यूपीआयने किंवा ऑनलाइन गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करायचा. पैसे त्या खात्यातून पुढे सरकायच्या आत कळवलं तर ते रोखून धरता येतात. आमचे पहिले पैसे जाऊन महिने उलटले होते, त्यामुळे तो मार्ग आमच्या फारसा कामाचा नव्हता. पण प्रमाणपत्राची फी कुणी काल-परवा भरली असेल तर त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी फोन लावावा.

ग्राहक आयोगाचं एक खुबीचं आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो, म्हणजे आम्हाला जिल्ह्याचं ठिकाण ओरोस पुरे, विक्रेत्याच्या गावी हेलपाटे नकोत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. मात्र पुन्हा विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी वस्तू घेतली असेल तर कायद्याच्या व्याख्येत तुम्ही ग्राहकच ठरत नाही. म्हणजे ‘दीडपट मिळणार म्हणून घेतला’ असं अर्जात लिहिलं की समोरचा वकील तेच वाक्य उचलणार. होमस्टेचं नाव चिप्सवर असल्याने आमचा मुद्दा आधीच नाजूक होता. वकिलांनी म्हणून पोलीस तक्रारीवर भर दिला. खोटं लिहू नका, पण कुठे काय मांडायचं ते आधी विचारून घ्या.

तक्रार नोंदवली आहे. खातं भलत्याच माणसाच्या नावावर निघालं, तो म्हणतो मी फक्त खातं वापरायला दिलं होतं. पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्या ग्रुपमध्ये तुम्ही असाल तर भांडण काढण्याआधी सगळं चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोटो आणि व्हॉइस मेसेजसकट, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवा. तो आपले अडचणीचे मेसेज पाठवल्यापासून दोनेक दिवसांतच सगळ्यांसाठी पुसून टाकतो. आमच्या चॅटमधून ‘मीच परत घेतो’ असं म्हणणारा त्याचा मेसेज गायब झाला होता. आज पोलिसांकडे तो आहे, तो केवळ मी त्याच दिवशी भावोजींना पुढे पाठवला होता म्हणून.