घरी बांधलेला ऑटोनॉमस क्वाडकॉप्टर: पावसाळा ते उन्हाळा, वापरून झाल्यावरचा अनुभव

हा चार पंख्यांचा, आपोआप उडणारा ड्रोन पावसाळ्यात बांधायला घेतला होता, आता उन्हाळा आलाय, मधल्या काळात भरपूर उडवून झालाय, त्यामुळे आता नीट लिहिता येईल असं वाटतं. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण नाही, सोल्डरिंग आयर्न पहिल्यांदा याच कामासाठी हातात घेतलं, तेव्हा हे नवशिक्यानेच नवशिक्यांसाठी लिहिलंय असं समजा.

आधी सामान. एफ४५० फ्रेम (मोटर ते समोरची तिरपी मोटर ४५० मिलिमीटर), ९२० केव्हीच्या (म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ९२० फेरे) २२१२ मोटर, ३० अँपिअरचे ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे बोर्ड), १० इंची प्रॉपेलर (पंखे), थ्री सेल ५२०० एमएएच लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी, पिक्सहॉक बोर्ड (ड्रोनचा मेंदू), एम८एन जीपीएस आणि फ्लायस्काय आय६ रिमोट. वायर, एक्सटी६० कनेक्टर, हीट श्रिंक, नायलॉनचे स्पेसर असला सुटा माल मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातच घ्यावा, हातात घेऊन बघता येतो आणि दुकानदाराला दोन गोष्टी विचारता येतात. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आणायला बंदी आहे पण सुटे पार्ट आणायला नाही, म्हणून बाकीचं ऑनलाइन मिळून जातं.

आता मुद्द्याचं. सगळे विचारतात की तो आपोआप कसा उडतो, त्याचं कोडिंग कसं केलंस. ते कोडिंग मी केलेलंच नाही! आर्डूपायलट हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर बोर्डवर टाकलं की पॉइंट टू पॉइंट जाणं, एका जागी थांबणं, घरी (म्हणजे टेकऑफच्या जागी) परत येणं हे सगळं त्यात तयारच असतं, मिशन प्लॅनर या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये नकाशावर ठिपके द्यायचे आणि ऑटो मोड लावायचा. आपलं खरं काम आहे त्या बोर्डला खरी माहिती पोचवणं, म्हणजे उत्तर दिशा कुठे आहे, मी किती हलतोय, बॅटरी किती उरलीय, आणि माझ्या मते या छंदातली निम्म्याहून जास्त मेहनत इथेच जाते आणि मजाही इथेच आहे.

सगळ्यात जास्त वेळ कंपास खातो. बॅटरीच्या वायरीतून हवेत असताना १५-२० अँपिअर करंट वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र कंपासला फसवतं, मग लॉइटर (एका जागी थांबण्याच्या) मोडमध्ये ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल फिरायला लागतो आणि ते गोल मोठे होत जातात. म्हणून जीपीएस-कंपासचा पक (गोल डबी) उंच दांडीवर बसवायचा, बॅटरीच्या प्लस-मायनस वायरी एकमेकींना पीळ घालून न्यायच्या. कॅलिब्रेशन बिल्डिंगच्या गच्चीवर करू नका, स्लॅबमध्ये सळया असतात, मोकळ्या मैदानात मातीवर उभं राहून करा, फरक लगेच दिसतो.

दुसरं व्हायब्रेशन. लॉगमध्ये (बोर्डने ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीत) व्हाइबचे, म्हणजे थरथरीचे आकडे असतात, ३० च्या खाली असले की निवांत, ६० च्या वर गेले की उंची धरणं बिघडतंच समजा. प्रॉपेलर बॅलन्स करा, जड बाजूच्या उलट पात्यावर सेलोटेपचा छोटा तुकडा पुरतो. बॅरोमीटरवर स्पंज लावा कारण तो हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि वारा थेट लागला की गोंधळतो.

आणि हे कुठल्याही परिस्थितीत पाळा, घरात मोटर टेस्ट करताना प्रॉपेलर काढलेलेच हवेत. १० इंची प्रॉपेलर बोट कापतो.

पावसाळा वाया जातो असं वाटत असेल तर मिशन प्लॅनरमध्ये सिम्युलेशन आहे, त्यात हाच आर्डूपायलट कॉम्प्युटरवर चालतो, मोड बदलणं, फेलसेफ (काही बिघडलं तर ड्रोनने आपोआप काय करायचं), मिशन सगळं मी पावसात तिथेच शिकलो आणि प्रत्यक्ष उडवताना हात थरथरले नाहीत.

मुंबईत उडवायचा विचार मात्र डोक्यातून काढा. मधोमध एअरपोर्ट, शिवाय जुहूचा विमानतळ, नेव्हीची ठिकाणं, आणि मुंबई पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. ड्रोन रूल्स २०२१ नुसार ग्रीन झोनमध्ये (परवानगी न लागणाऱ्या भागात) ४०० फुटांपर्यंत, एअरपोर्टपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, त्यामुळे निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटवरचा नकाशा बघायचा, रजिस्ट्रेशनचे नियम वाचायचे आणि ऑटो मोडवर असला तरी ड्रोन नजरेसमोरच ठेवायचा. मी मुरबाडकडे मावशीच्या शेतावर जातो, भात कापून झाला की खाचरं मोकळी असतात, सकाळी वारा पडलेला असतो. तिथे आंब्याची आणि सागाची झाडं आहेत म्हणून परत येण्याची उंची, जी मुळात १५ मीटर असते, ती ३० केलीय. हे प्रत्येकाने आपल्या जागेप्रमाणे बघावंच, कारण रिमोटचा सिग्नल तुटला की ड्रोन ती उंची गाठून सरळ रेषेत घरी येतो, मध्ये झाड आहे हे त्याला दिसत नाही.

बॅटरी १२-१३ मिनिटं जाते, मी त्याआधीच, सेलमागे साडेतीन व्होल्टला उतरवतो. घरी आल्यावर ३.८ च्या आसपास स्टोरेजला आणून ठेवतो, पूर्ण चार्ज ठेवली तर लिपो फुगते. चार्जिंग समोर बसूनच.

फोटो-व्हिडिओ हवे असतील तर हे बांधू नका, तयार घ्या, कॅमेरा आणि तो स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या बाबतीत हा त्याच्या जवळपासही जात नाही. उडतं कसं हे समजून घ्यायचं असेल तर मात्र मला याच्याइतकं दुसरं काही आवडलेलं नाही, शेतावर पहिल्यांदा चारही पॉइंट फिरून तो टेकऑफच्या जागेजवळ एकटा येऊन उतरला तेव्हा मावशीचा पोरगा नि मी दोघंही ओरडलो होतो.

आता खाली बघणारा छोटा लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) लावतोय, उतरताना जमिनीची उंची नीट कळावी म्हणून. माझी पॅरामीटर फाइल (बोर्डच्या सगळ्या सेटिंग्ज) कुणाला हवी असेल तर देईन, पण तुमचं वजन नि प्रॉपेलर वेगळे असतील तर त्यातले पीआयडी (तोल सावरण्याचे आकडे) तसेच उचलू नका, वारा नसलेल्या सकाळी ऑटोट्यून करून घ्या, त्यात ड्रोन हे आकडे उडता उडता स्वतःच शोधतो.