कबरीवर टाकायचं 'भुसभुशीत मिक्स' : माल चांगला, पण नर्सरीवाल्याचं ज्ञान घेऊ नका

आधी सांगतो काहून घेतलं. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये आमचे मोठे बाबा गेले, मोठ्या आईचीच कबर उघडली, फॅमिलीची एकच जागा आहे. 16 वर्षं झाली होती तरी खाली गेल्यावर पेटीच्या फळ्या बऱ्यापैकी शाबूत, आणि माती काळी नाही तर निळसर राखाडी, सडक्या अंड्यासारखा वास. कबर खोदणारे काका म्हणे इथं असंच, पाणी धरून ठेवते, हवाच जात नाही खाली. घरी येऊन वाचत बसलो तर खरंच तसं आहे, ऑक्सिजन नसला की कुजणं जवळजवळ थांबतं, शरीरातल्या चरबीचं मेणासारखं काहीतरी होतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. जर्मनीत कबरीची जागा बहुतेक ठिकाणी 20-25 वर्षांसाठीच देतात, पण चिकणमातीच्या ओल्या दफनभूमीत तेवढ्यात काम होत नाही म्हणून तिथं माती मोकळी करणं, निचरा करणं हा चांगला मोठा विषय आहे. आपल्याकडं कोणी बोलत नाही.

तर त्या ऑगस्टमध्ये ओल्या ढेकळांनीच कबर बुजवली, दुसरं काय करणार पावसात. नाताळपर्यंत वीतभर खचली. एप्रिलमध्ये एवढ्या भेगा की मेणबत्ती लावली ती आत पडून गेली, काडीनं काढावी लागली. नागपूरची काळी माती, भिजली की फुगते आणि वाळली की फाटते.

मे महिन्यात आमच्या एरियातल्या एका नर्सरीतून हे मिक्स आणलं, 12 चुंगड्या (पोती). आत गांडूळखत, धानाचं तूस (अर्धं जळालेलं, अर्धं कच्चं) आणि थोडी जाड रेती. तूस भारी निघालं. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलचा माल आहे म्हणे, त्यात सिलिका असतं म्हणून लवकर कुजत नाही, मातीत बारीक बारीक पोकळ्या राहतात. गांडूळखत 10 चुंगड्यांमध्ये मस्त, चहापत्तीसारखं सुटं. दोनमध्ये मात्र कच्चं शेणखत निघालं आणि त्यात बोटाएवढ्या पांढऱ्या हुमण्या, फोन केला तर म्हणे नॅचरल आहे ना साहेब. एक स्टार तिथंच गेला.

सब्बल आणि टिकास लावून दीड फूट माती काढली, ढेकळं फोडली, दोन घमेली मातीला एक घमेलं मिक्स असं कालवून परत भरलं. नर्सरीवाला म्हणत होता अजून रेती मारा आणि जिप्सम पण घ्या. रेतीचं ऐकून काका हसायलेच लागले, "विटा पाडायच्या हायेत का?" बरोबर होतं त्यांचं, चिकणमातीत थोडी रेती टाकली की उलट घट्ट बसते, फरक पडायचा तर अर्ध्याच्या वर रेती लागेल. आणि जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीचं औषध आहे, माती न तपासता काहून घ्यायचं? मी मात्र एक बॅग घेतली होती, घरी तशीच पडून आहे. अमरावती रोडवर आख्ख्या देशाच्या मातीचे नकाशे बनवणारं केंद्र 1976 पासून आहे आणि आपण नर्सरीवाल्याला विचारून राहिलो.

आता खरी गंमत. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात कबरीचं टाकं झालं. मधली माती मोकळी पण चारही बाजूंनी काळी घट्ट माती, पाणी आत शिरलं आणि जायला जागाच नाही. हे चुंगडीवर कुठं लिहिलं नव्हतं ना कोणी बोललं. काकांनी मग उताराकडं हातभर खोल चर काढून त्यात गिट्टी भरली आणि मधे माती चढवून कासवाच्या पाठीसारखी केली. त्यानंतर पाणी साचलं नाही. सप्टेंबरमध्ये बोट घालून पाहिलं तर सरळ आत गेलं, ओल होती पण चिखल नाही, शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तसंच. वर लावलेली सदाफुली पण टिकली.

पण हे सगळं वरच्या दीड फुटाचं. खाली पेटीपर्यंत हवा जावी असं वाटत असेल तर बुजवतानाच ढेकळं फोडून, कोरड्या मातीत तूस कालवून भरावं लागतं, नंतर वरून 12 काय 50 चुंगड्या टाकल्या तरी उपयोग नाही. म्हणून काकांच्या शेडमध्ये आता 4 चुंगड्या तूस ताडपत्रीखाली ठेवून दिलंय, कोणाचंही काम निघालं तर वापरा म्हटलं.

मिक्सला 5 पैकी साडेतीन. घ्यायचं तर मे मध्येच घ्या आणि प्रत्येक चुंगडी तिथंच उघडून पाहा. जिप्सम कोणाला पाहिजे असेल तर माझ्याकडची बॅग फुकट घेऊन जा.