दाबाचे गेट आणि चिऱ्याची भिंत: गोव्यातल्या घरात बालसुरक्षेचे सामान कितपत टिकते

ऑनलाइन मिळणाऱ्या बहुतेक बेबी गेटच्या, म्हणजे लहान मुलाला दारात किंवा जिन्यापाशी अडवणाऱ्या फाटकाच्या, खोक्यावर ‘ड्रिलिंगची गरज नाही’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. गोव्यात गेट घेणाऱ्याने नेमके त्याच ओळीपाशी थांबावे. पर्वरीच्या किंवा ताळगावच्या नव्या फ्लॅटमध्ये हे गेट चांगले चालते. फोंडा, डिचोली, पेडणे भागातल्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घरात तेच गेट एका पावसाळ्यात सैल होते आणि सैल झालेले डोळ्यांना दिसत नाही. धोका त्यातच आहे.

रचना साधी असते. तळाची पट्टी आणि दोन बाजू मिळून एक लोखंडी चौकट, तिच्या चार कोपऱ्यांत आटे असलेले चार दांडे, दांड्यांच्या टोकाला रबरी चकत्या. नट फिरवला की दांडा बाहेर सरकतो आणि चौकट दोन्ही भिंतींवर रेटून बसते. नेहमीचे माप ७५ ते ८५ सेंटिमीटर, त्याहून रुंद दारासाठी जोडपट्ट्या वेगळ्या घ्याव्या लागतात. किंमत साधारण अडीच ते पाच हजार रुपये. सगळी भिस्त त्या दाबावर, आणि दाब टिकायला भिंत घट्ट हवी. चिऱ्यावर चुन्याचा किंवा मातीचा जुना गिलावा असेल तर चकतीखाली त्याचा भुगा होत जातो. वरून सिमेंटचा गिलावा केलेला असला तरी पावसात ओल चढून तो जागोजागी फुगतो. नट घट्ट तसाच राहतो, आतला आधार मात्र गेलेला असतो.

म्हणून बसवण्यापूर्वी चकतीच्या चारही जागांवर बोटाच्या पेराने ठोकून पाहा. भदभद आवाज आला की तिथला गिलावा सुटलेला आहे, तिथे दाबाचे गेट लावू नका. लाकडी दाराची चौकट मात्र उत्तम आधार देते. सागवानाची किंवा फणसाची चौकट असेल तर दांडे थेट तिच्यावर टेकवा. वळ उठेल, तो चालवून घ्या.

गेट परत पाठवण्याचे एक कारण वारंवार दिसते: ‘चौकट वाकडी आली, कडी जुळत नाही.’ ती वाकडी नसते. चौकट मोकळी असताना कडीच्या बाजूला बोटभर फट दिसते, ती मुद्दाम ठेवलेली असते. दांडे आवळले की दोन्ही बाजू आत येतात आणि फट मिटते. क्रम असा: आधी खालचे दोन दांडे हाताने टेकवा, मग वरचे दोन, नंतर पान्याने आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा. एकच बाजू आधी आवळली तर कडी वर-खाली होते आणि मग कितीही आवळा, ती बसत नाही.

खोक्यात प्लास्टिकच्या चार वाट्या आणि लहान स्क्रू असतात. ड्रिलिंग नको म्हणून गेट घेतलेले असते, त्यामुळे या वाट्या बहुतेक घरांत कचऱ्यात जातात. दांड्याची टोके अडकायची असतात ती याच वाट्यांत. त्या नसतील तर दीड-दोन वर्षांचे मूल गजांना धरून अंग मागे-पुढे करते तेव्हा चकत्या मिलिमीटर-मिलिमीटरने सरकतात. अमेरिकेत २०२१ पासून गेटला ३० पौंडांचा, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपासचा रेटा सोसावा लागतो, आणि तिथल्या अनेक दाबाच्या गेटना त्या चाचणीत या वाट्यांचाच आधार घ्यावा लागतो. लाकडी चौकटीवर वाटी बसवायला दहा मिनिटे लागतात. त्या टाकून देऊ नका.

माप तीन ठिकाणी घ्यावे: उंबरठ्याच्या लगेच वर, मध्ये, आणि जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर. जुन्या घरांत या तीन मापांत एक-दोन सेंटिमीटरचा फरक सहज असतो. ऑर्डर सर्वांत लहान मापाला बसेल अशी द्या आणि सर्वांत मोठ्या मापाला दांडा किती बाहेर येईल ते पाहा. दांड्याच्या आट्यांचा निम्म्याहून जास्त भाग बाहेर येत असेल तर जोडपट्टी लावा. उंबरठा उंच असेल तर गेट त्याच्या वर येते. तेव्हा तळाची पट्टी आणि उंबरठा यांत पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका.

जिन्याच्या वरच्या टोकाला दाबाचे गेट लावूच नये, मग भिंत कितीही भक्कम असो. ते निसटले तर मूल गेटसकट खाली जाते. दुसरे कारण मोठ्या माणसांचे. तळाची पट्टी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर असते. मुलाला कडेवर घेऊन उतरणारी आजी तिला अडखळली तर दोघेही पडतील. तिथे बिजागरीचे, स्क्रूने बसणारे, खाली पट्टी नसलेले आणि जिन्याच्या बाजूला न उघडणारे गेटच हवे. बाल्कांवाच्या, म्हणजे दर्शनी ओसरीच्या, पायऱ्यांनाही हेच लागू. तीन-चारच पायऱ्या असतात म्हणून लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, पण खाली चिऱ्याची किंवा फरशीची कड असते.

आता चिऱ्यात स्क्रू कसा धरायचा. नेहमीची चूक अशी की विटेच्या भिंतीसारखा ड्रिलचा हॅमर मोड चालू करून आठ नंबरचा बिट घालतात. चिरा मऊ आणि भोकाळ असतो, हादऱ्याने भोक दहा-अकरा मिलिमीटरचे होते, प्लास्टिकचा प्लग आत गोल फिरत राहतो आणि मग त्यात आगपेटीच्या काड्या कोंबल्या जातात. हॅमर बंद ठेवा, वेग कमी ठेवा, दोन चिऱ्यांमधला सांधा टाळून चिऱ्याच्या पोटात भोक घ्या, फुंकून नव्हे तर ब्रशने भुकटी काढा. प्लग निदान ८० मिलिमीटर लांबीचा घ्या. गिलाव्याची जाडी त्यातून वजा होते, आणि धरतो तो फक्त चिऱ्यात गेलेला भाग.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे फळी. एक इंच जाड, चार इंच रुंद, अडीच फूट लांब टणक लाकडाची फळी भिंतीवर किंवा चौकटीवर चार ते सहा स्क्रूंनी बसवायची आणि गेटच्या बिजागऱ्या त्या फळीवर लावायच्या. वजन चार-सहा ठिकाणी वाटले जाते, आणि पुढे गेट काढले तरी भिंतीची फारशी नासाडी होत नाही. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे. किनाऱ्यालगत ३१६. खोक्यातले पिवळसर झळाळीचे स्क्रू खाऱ्या हवेत लवकर गंजतात. बिजागरीला खोबरेल तेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरते. सिलिकॉनचा फवारा पुरतो.

खरे सांगायचे तर जुन्या घरासाठी आमची पहिली पसंती आयत्या गेटला नाहीच. गावातल्या मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून, अर्धे दार करून घ्यावे. उंची ७५ ते ८० सेंटिमीटर, पट्ट्या उभ्या, दोन पट्ट्यांमध्ये सहा सेंटिमीटरच्या आत अंतर, आणि मधे आडवी पट्टी नाही. मेस्त सवयीने मधोमध आडवी पट्टी मारतो, कारण त्याने दार ताठ राहते. मुलाला ती आयती पायरी होते. ताठपणा हवा असेल तर पट्टी बाहेरच्या बाजूने, तिरकी आणि खालच्या भागात मारायला सांगा. कडी बाहेरून, वरच्या कडेपासून किमान दहा सेंटिमीटर खाली. मूल दोन वर्षांचे झाले किंवा गेटवर पाय टाकू लागले की कुठलेही गेट काढायची वेळ झाली, कारण आता ते वरून पडेल.

गेटसोबत जे ‘बालसुरक्षा संच’ मिळतात त्यांतल्या वस्तूंचा दर्जा फारच वेगवेगळा आहे. कोपऱ्यांना लावायचे फोमचे तुकडे घेऊ नयेत असेच आमचे मत. दात येणारे मूल ते चावते, तुकडा सुटतो, आणि डोक्याला टेंगूळ येण्यापेक्षा घशात फोम अडकणे कितीतरी वाईट. धारदार कोपऱ्याचे टीपॉय दोन वर्षांसाठी माळ्यावर गेले तर काही बिघडत नाही.

कपाटाचे चिकटपट्टीचे कुलूप गोव्यात पावसाळ्यात लावू नये. ही पट्टी पूर्ण पकड घ्यायला ७२ तास घेते आणि त्या काळात तिला ओढ लागता कामा नये. इथे मात्र लावल्या दिवशीच कपाट दहा वेळा उघडले जाते. लॅमिनेट आधी साबणाने, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसून कोरडे करा, पट्टी अर्धा मिनिट दाबून धरा आणि तीन दिवस कपाट बंदच ठेवा. चुना दिलेल्या भिंतीवर किंवा तेल दिलेल्या लाकडावर ती धरत नाही. त्यापेक्षा स्क्रूने बसणारे चुंबकी कुलूप सरस. १८-१९ मिलिमीटरच्या प्लायवूडला ते चालते, सागवानाच्या जाड दाराला चुंबकाची ओढ पोचत नाही. त्याची किल्ली म्हणजेही एक शक्तिशाली चुंबक. तिचे प्लास्टिक तडकले तर किल्ली लगेच टाका. दोन चुंबक किंवा चुंबक नि लोखंडाचा तुकडा पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना खेचतात आणि आतडे फाटते.

विजेच्या सॉकेटची झाकणे सरळ बाजूला ठेवा. संचातली बरीच झाकणे दोन पिनांची, युरोपीय मापाची असतात. आपल्या सहा अँपियरच्या तीन गोल भोकांत ती सैल बसतात, मूल ती ओढून काढते आणि तोंडात घालते. तीन पिनांची झाकणे त्याहून वाईट. शटरवाल्या बहुतेक सॉकेटमध्ये वरची, जाड अर्थिंगची पिन आत गेली की खालच्या दोन भोकांचे पडदे उघडतात. असे झाकण अर्धवट ओढले गेले तर आत शिरलेली लांब पिन पडदा उघडाच ठेवते. खर्च करायचाच तर वायरमनकडून खालच्या उंचीवरचे सॉकेट बदलून आयएसआय शिक्क्याचे शटरवाले बसवा आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज झिरपू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते तपासा. त्याचे ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. जुलैत ओल्या भिंतीमुळे आरसीसीबी सारखा पडू लागतो, आणि मग कोणीतरी तो बाजूला काढून तारा थेट जोडून देतो. कृपा करून हे होऊ देऊ नका. तो पडतो कारण वीज भिंतीत झिरपत असते, आणि त्याच भिंतीला धरून मूल उभे राहायला शिकत असते.

फ्लॅटच्या गॅलरीला ‘इनव्हिजिबल ग्रिल’, म्हणजे बारीक पोलादी तारांची जाळी, लावायची असेल तर तारांमधले अंतर दोन इंच मागा. तीन इंचात पैसे वाचतात, पण तार ताणली की फट वाढते. तार ३१६ ग्रेडची असल्याचे बिलावर लिहून घ्या, कारण चुंबक लावून ३०४ आणि ३१६ मधला फरक कळत नाही. वर्षातून एकदा तारा पुन्हा ताणून देण्याचे कामही त्याच बिलात असू द्या. कबुतरांची जाळी हा मुलासाठीचा आधार नव्हे.

स्वयंपाकघरात आदोळी (विळी) पात्यासकट उघडी उभी राहते. वापर झाला की पाते भिंतीकडे करून नव्हे, उचलून वर. चतुर्थीत माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या, फळापानांनी सजवलेल्या चौकटीखाली) रोज झाडू मारा, तिथे बांधलेली सगळीच रानफळे खाण्याजोगी नसतात. रॉकेल, फिनेल, ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलाने रॉकेल प्यायले तर ओकारी काढू नका, ते फुफ्फुसात जाते. लगेच १०८ ला फोन करा.

या संचांत कधीच नसते, पण गोव्यातल्या घराला सर्वांत आधी लागते, ते विहिरीचे झाकण. जुन्या विहिरींचे कठडे दोन-अडीच फुटांचे असतात आणि त्याला लागूनच धुण्याचा दगड असतो. दगडावर चढलेल्या मुलाला कठडा मांडीपर्यंतच येतो. हिरवी शेडनेट बांधणे हा उपाय नव्हेच, उलट ती उघड्या विहिरीपेक्षा घातक. पाणी दिसत नाही आणि वजन पेलत नाही. वेल्डरकडून १२ मिलिमीटर गजांची जाळी करून घ्या, चौकोन दोन इंचांचे, चौकट अँगलची, कठड्यात किमान चार ठिकाणी बोल्टने पक्की. साध्या लोखंडाला नुसता रंग देऊन चालत नाही. जमेल तर गॅल्व्हनाइझ करून घ्या, नाहीतर दर उन्हाळ्यात खरवडून रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल. पूर्ण जाळी उघडणारी नको, कळशी जाईल एवढीच लहान खिडकी बिजागरीवर, कडी-कुलपासह. पंपाच्या पाइपसाठी भोक वेगळे कापा, नाहीतर पंप दुरुस्त करायला आलेला माणूस जाळीच कापतो.

न्हाणीतले पाणी तापवायचे भाण आणि बादल्या हेही पाणीच. चालायला लागलेल्या मुलाचे डोके धडाच्या मानाने जड असते. अर्ध्या भरलेल्या वीस लिटरच्या बादलीत वाकले की तोल जातो आणि पुन्हा वर येता येत नाही. रात्री बादल्या पालथ्या, न्हाणीच्या दाराला वरून कडी.

काही घरांत गणपतीचे विसर्जन घरच्याच विहिरीत होते. मूर्ती लहान खिडकीतून जात नाही म्हणून त्या घरांत जाळी दोन भागांची करावी आणि अर्धा भाग बोल्ट काढून उचलता येईल असा ठेवावा. बोल्ट कुठे ठेवले ते कुणालाच आठवत नाही म्हणून जाळी पुढे कित्येक दिवस उघडी राहते. पाना आणि बोल्ट एका डब्यात घालून पंपाच्या स्विचशेजारी, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगा, आणि आरती झाली की घरी परतण्याआधी विहिरीपाशीच बोल्ट आवळा.